धातू आहे, पण कोणता?

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णासोबत आलेला एक तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरला. चुंबकाने सिलिंडर खेचला आणि त्या तरुणाचा जीव गेला. अशा बातम्यांनी धसका बसतो आणि ‘अंगात धातू असेल तर एमआरआय नको’ असा सरसकट समज पक्का होतो. पुण्यात शनिवार पेठेतून नदी ओलांडली की शिवाजीनगर. तिथल्या डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय रुग्णांसाठी ‘इंडस’ हा कृत्रिम गुडघा घडवला. पेठेतल्या घरांत आज गुडघे बदललेली, स्टेंट बसवलेली माणसं सर्रास भेटतात. त्यांच्यासाठी हा समज निष्काळजीपणाइतकाच घातक आहे.

दीड टेस्लाच्या एमआरआय यंत्राचं चुंबकत्व पृथ्वीच्या तीस हजार पटींहून अधिक असतं. त्याची तारेची गुंडाळी द्रव हेलियममध्ये उणे २६९ अंशांवर असते. तिच्यात वीज विनाअडथळा फिरत राहते, म्हणून तपासणी नसताना, दिवे गेले तरी चुंबक चालूच असतो. लोखंडी सिलिंडर त्याच्याकडे झेपावतो, टायटॅनियमचा सांधा मात्र जागचा हलत नाही. तो आसपासचं चुंबकक्षेत्र तेवढं वाकवतो आणि चित्रात काळा डाग पडतो, कडा वेड्यावाकड्या दिसतात. हा बिघाड सांध्यापुरताच असतो. गुडघ्यातल्या धातूने मेंदूचं चित्र बिघडत नाही. सीटी स्कॅनमध्ये चुंबक नसतो, पण धातू क्ष-किरण शोषतो आणि चित्रभर पट्टे उमटतात.

खरा धोका मोजक्या ठिकाणी आहे. जुन्या पेसमेकरची तार रेडिओलहरी पकडून टोकाशी तापू शकते, मेंदूतली जुनी पोलादी क्लिप सरकू शकते, लेथवर काम करताना डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण इजा करू शकतो. मग शंका आली की एमआरआय टाळणंच बरं, असं कुणी म्हणेल. पण मज्जारज्जूवरचा दाब सीटीत तितका स्पष्ट दिसत नाही, आणि उशीर झाला तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. रुग्णाला धातूचं नाव कुठून ठाऊक असणार, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर कंपनी आणि मॉडेल लिहिलेलं कार्ड रुग्णाच्या हाती देणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे, ते फाइलमध्ये जपणं घरच्यांची. कार्ड नसेल तर आधी एक्स-रे काढावा, जुने कागद शोधावेत आणि मग रेडिओलॉजिस्टने निर्णय घ्यावा. नकार द्यायचा तर तो माहितीवर द्यावा, भीतीपोटी नव्हे.