रोड बाईक सायकलचे टायर निवडताना

कुंभकोणम ते तंजावर हे अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात चढ नसले, तरी ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसात ओला रस्ता सायकलस्वाराची कसोटी पाहतो. २३ मिलिमीटरचा अरुंद व टणक टायरच वेगवान, हा समज आता मागे पडला आहे. २८ मिलिमीटरचा टायर कमी हवेवर चालतो. त्यामुळे हादरे कमी बसतात व पकड वाढते. टायरच्या कडेवरील ‘२८-६२२’ या आकड्यांपैकी पहिला रुंदी, तर दुसरा रिमचा व्यास दर्शवितो. व्यास जुळणे अनिवार्य आहे. रुंदी वाढविण्यापूर्वी मात्र फ्रेम व ब्रेकमधील मोकळी जागा तपासावी. सायकलचा भार तळहाताहूनही लहान स्पर्शक्षेत्रावर पेललेला असतो. काटकसर इतरत्र करावी, येथे नव्हे.