मुलांना प्रार्थना शिकवायची? हाताची पाच बोटं पुरेत!

प्रार्थना शिकावी लागते. खुद्द एका शिष्यानेच येशूला ती शिकवायची विनंती केली, असं लूककृत शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायात आहे. त्यावर त्याने दिलेली प्रभूची प्रार्थना छोटी, सोपी, सहज पाठ होणारी आहे.

पण पाठांतराबरोबर मुलांनी स्वतःच्या शब्दांतही देवाशी बोलायला हवं. त्यासाठी अनेक संडे स्कूलमध्ये शिकवतात ती पाच बोटांची प्रार्थना मला फार आवडते. हात जोडले की प्रत्येक बोट कोणासाठी प्रार्थना करायची ते सुचवतं:

• अंगठा आपल्या सगळ्यांत जवळ: घरचे, मित्रमैत्रिणी
• तर्जनी वाट दाखवते: शिक्षक, डॉक्टर, फादर किंवा पाळक
• मधलं बोट सर्वांत उंच: गाव आणि देश चालवणारे
• अनामिका सर्वांत दुबळी: आजारी, गरीब, एकाकी माणसं
• करंगळी: शेवटी मी स्वतः

स्वतःचं मागणं सर्वांत शेवटी येतं, हे यातलं मोठं शिक्षण!

वेळ ठरलेली ठेवा: जेवणाआधी आणि झोपताना. चार-पाच वर्षांच्या मुलाला दोन मिनिटं भरपूर झाली. "देवा, मोतीचा पाय बरा कर" असं म्हणालं तर हसू नका, सोबत "आमेन" म्हणा. रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणणाऱ्या घरांत लहानग्यांना सुरुवातीला दहा मण्यांचा एकच भाग द्या. ऑक्टोबर हा रोझरीचा महिना, सुरुवात करायला उत्तम.

आणि मुख्य म्हणजे, आईबाबांनी रोज सोबत बसावं. मुलं ऐकून कमी आणि बघून जास्त शिकतात. आज रात्रीपासूनच सुरू करा!