तुले काय वाटस?

वर्षावासाच्या दिवसांत सोनगीरला मावशीकडे गेले होते. धुळ्याहून शिरपूरकडे जाताना महामार्गावर लागणारं हे गाव तांब्यापितळेच्या भांड्यांमुळे सगळ्या खानदेशाला ठाऊक आहे. मावशीची नात सहा वर्षांची. शाळेतून घरी आणलेलं चित्रांचं पुस्तक तिच्या हातात होतं. संध्याकाळी माझा मावसभाऊ कामावरून आला, मुलीला मांडीवर घेतलं आणि विचारू लागला. हे काय? झाड. किती मुलं? पाच. फ्रॉकचा रंग कोणता? लाल. शाब्बास! पाच मिनिटांत पुस्तक संपलं आणि मुलगी उठून अंगणात पळाली. भाऊ खूश, कारण सगळी उत्तरं बरोबर आली होती.

रात्री जेवणं झाल्यावर तेच पुस्तक मावशीने उघडलं. मावशी शाळेची पायरी चढलेली नाही. खाली काय छापलंय ते तिला वाचता येत नाही, म्हणून ती चित्रच बघत बसली. एका पानावर चार मुलं एकत्र डबा खात होती आणि एक मुलगी बाजूला झाडाखाली बसलेली होती. मावशीने तिच्यावर बोट ठेवून विचारलं, “हाई पोर एकलीच काबर बसेल शे? तुले काय वाटस?”

नात बराच वेळ गप्प राहिली. मावशीही गप्प राहिली. मग मुलगी म्हणाली, तिला कुणी बोलावलंच नाही. थोड्या वेळाने म्हणाली, मला पण एक मुलगी म्हणते, तू तिकडे बस, आमच्यात नको.

घरातल्या मोठ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गेले दोन आठवडे रोज सकाळी शाळेच्या वेळेला या मुलीचं पोट दुखत होतं. ओवा देऊन झाला, जंताची गोळी देऊन झाली, आता दवाखान्यात न्यायचं ठरत होतं. रविवारी मात्र पोट दुखत नसे. त्यावरून कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं.

हा प्रसंग आरोग्याच्या पानावर सांगते आहे तो त्या पोटदुखीसाठी. लहान मूल ‘मला भीती वाटते’, ‘मला अपमान वाटला’ असं सहसा म्हणत नाही. त्याच्याजवळ तेवढे शब्दच नसतात. त्याचं पोट दुखतं, डोकं दुखतं, ते झोपेत दचकतं, अंथरूण ओलं करू लागतं, नाहीतर विनाकारण मारामाऱ्या करतं. आपल्या वस्तीतल्या मुलांना जातीवरून टोमणा बसतो तेव्हाही बऱ्याचदा असंच होतं, आणि आपण पोटाचं औषध देत राहतो. मात्र प्रत्येक पोटदुखी मनाची असते असंही धरून चालू नका. ताप, उलट्या, शौचातून रक्त, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ किंवा एकाच जागी वाढत जाणारं दुखणं असेल तर आधी डॉक्टर, पुस्तक नंतर.

मूल स्वतःबद्दल बोलायला बिचकतं, पण चित्रातल्या मुलीबद्दल मोकळेपणाने बोलतं. मावशीने ‘तुला शाळेत कुणी काही बोलतं का?’ असं सरळ विचारलं असतं, तर ‘नाही’ एवढंच उत्तर आलं असतं. आम्ही ते आधी दोनदा विचारून पाहिलं होतं.

भावाच्या आणि मावशीच्या विचारण्यात जो फरक होता, त्याचा अभ्यास झालेला आहे. 1988 साली अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांचे दोन गट केले. दोन्ही गट मुलांना पुस्तकं वाचून दाखवत होते. त्यातल्या एका गटाला शिकवलं की ‘हो-नाही’चे प्रश्न कमी करा, मोकळे प्रश्न विचारा, मूल जे बोलेल त्यात भर घालून ते पुढे न्या. महिनाभरातच या गटातली मुलं बोलण्यात दुसऱ्या गटाच्या पुढे गेली. नऊ महिन्यांनी पाहिलं तेव्हाही काही फरक टिकून होता. पुस्तकं दोन्ही घरांत होती. फरक पडला तो मोठ्यांनी काय विचारलं आणि किती ऐकून घेतलं यामुळे.

भर घालायची म्हणजे काय करायचं? मूल म्हणालं, “कुत्रा पळाला.” आपण म्हणायचं, “हो, कुत्रा घाबरून पळाला. कुणाला घाबरला असेल बरं?” एवढंच. उत्तर यायला वेळ लागतो. मोठ्यांना ती शांतता सोसत नाही, म्हणून ते स्वतःच उत्तर देऊन टाकतात. मनात दहापर्यंत आकडे मोजा. मूल भलतंच काही बोललं, चित्रातल्या मांजरीला वाघ म्हणालं, तरी लगेच दुरुस्त करू नका. वाघ कशावरून, ते विचारा. पुष्कळदा त्याचं कारण आपल्यापेक्षा शहाणपणाचं निघतं. आणि गोष्ट संपल्यावर ‘यातून काय बोध घेतला?’ हे विचारणं तर बंदच करा. त्या एका प्रश्नाने पुस्तकाची परीक्षा होते आणि मूल आपल्याला जे आवडेल ते बोलून मोकळं होतं.

भाषेचीही एक गोष्ट आहे. आपल्याकडे घरात अहिराणी आणि शाळेत प्रमाण मराठी. ‘नीट बोल’ म्हणून आपण पोरांना गप्प करतो. मुलाला मनातलं सांगायचं असतं ते घरच्या भाषेतच. मावशीने ‘तुला काय वाटतं?’ असं पुस्तकी विचारलं असतं तर ती नात उत्तर देत बसली नसती. शाळेची मराठी शाळेत येतेच. पुस्तकातलं वाक्य मराठीत वाचावं आणि गप्पा अहिराणीत माराव्यात, त्याने काही बिघडत नाही.

ज्या आईला, आजीला वाचता येत नाही त्यांनी ‘आम्ही काय शिकवणार?’ म्हणून मागे सरू नये. माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ हे पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाचं पुस्तक तर चित्रं बघत बोलण्यासाठीच आहे. पहिलीच्या बालभारतीतही चित्र पाहून बोलायची पानं असतात, ती आपण भराभर उलटतो. प्रथम बुक्सने 2015 पासून ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तकं फुकट ठेवली आहेत. मोबाइल घरात आहेच, तर एखादी गोष्ट त्यावर उघडून सोबत बसून बघता येते. पण मोबाइल मुलाच्या हाती देऊन आपण स्वयंपाकाला लागणं ही वेगळी गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलं आहे की दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला एका तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये, त्याहूनही कमी असेल तर बरं. त्याहून लहानग्यांना पडदा नकोच.

आपल्या घरांत बाबासाहेबांच्या बालपणाची चित्रपुस्तकं असतात. तीही आपण बहुधा ‘मोठेपणी बाबासाहेब व्हायचं हं’ असं म्हणून मिटतो. 1901 सालचा तो मसूर ते गोरेगावचा प्रवास घ्या. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. स्टेशनवर घ्यायला कुणी आलेलं नाही. जात कळल्यावर गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं देऊन बैलगाडी पोरांनीच हाकायची ठरली, आणि सोबत डबा असूनही रात्रभर पाण्याचा थेंब मिळाला नाही. या चित्रावर थांबा. गाडीतल्या मुलांना काय वाटत असेल? गाडीवाला असा का वागला? तू तिथे असतास तर काय केलं असतंस? वंदन करायला मूल शिकतंच, पण त्या चित्रातला मुलगा आपल्यासारखाच तहानलेला, घाबरलेला होता हे त्याला कळलं, तर स्वतःच्या अपमानाची लाज त्याला वाटणार नाही. लाज कुणाला वाटायला हवी, हेही ते मूल आपणहून विचारील. कालामांना तथागतांनी ऐकीव गोष्ट तपासून बघायला सांगितलं होतं. मुलाने ‘का?’ विचारलं की रागावणारे आपण, हे विसरून कसं चालेल?

मावशीच्या घरी पुढे काय झालं? भाऊ दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बाईंशी बोलला. आधी ‘पोरं पोरं आहेत, चालायचंच’ असं ऐकावं लागलं. तो दुसऱ्यांदा गेला, या वेळी वस्तीतल्या आणखी दोन पालकांना घेऊन. त्यानंतर मधल्या सुट्टीत जेवायला सगळ्यांना एका ओळीत बसवू लागले. पोटदुखी लगेच गेली नाही, हळूहळू कमी झाली. ‘तू तिकडे बस’ म्हणणारी मुलगी अजून तिच्याशी बोलत नाही.

काही मुलं मात्र चित्रावर बोलतच नाहीत, कारण त्यांना बोलायलाच अडचण असते. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा येत असलेले शब्द विसरू लागलं असेल तर ‘उशिरा बोलेल’ म्हणून वाट पाहू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतं, आणि गरज असेल तिथे पुढे मोफत उपचारासाठी पाठवतं. पथक कधी येणार ते अंगणवाडी सेविकेला विचारून ठेवा आणि त्या दिवशी मजुरीचा खाडा झाला तरी मुलासोबत हजर राहा.

विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास काढता आला तर दहा-बारा पुस्तकंही पुरतात. ती कपाटात कुलूप लावून ठेवू नका, सतरंजीवर पसरून ठेवा. पानं फाटतील, त्यासाठी चिकटपट्टी आणून ठेवा. एकच पुस्तक मूल दहा वेळा मागेल, दहा वेळा द्या. आणि वाचून दाखवायला शिकलेला तरुणच हवा असं नाही, एखाद्या आजीलाही बसवा.