रात्री दोन वाजता दम लागला तर…

पावसाळ्यात आणि पुन्हा दिवाळीच्या साफसफाईत दमेकऱ्याचं घर जरा धास्तावलेलंच असतं. माळ्यावरची गोधडी झटकली, कुबट कपाट उघडलं, शेजारणीनं मिरच्या परतल्या, की इकडे छाती वाजू लागते. गोधड्या उन्हात घाला, डासांची कॉईल लावू नका, हे सल्ले तुम्ही शंभरदा वाचले असतील. म्हणून मैत्रिणींनो, आज त्याविषयी नको. आज बोलू या प्रत्यक्ष दम लागतो त्या घटकेविषयी. कारण त्या वेळी शिकल्यासवरल्या घरांतूनसुद्धा छातीला बाम चोळणं, आल्याचा रस, वाफारा असं सगळं आधी होतं. पंप निघतो सर्वांत शेवटी. आणि दवाखान्याचं नाव काढलं की, ‘सकाळ तर होऊ दे!’

आधी पंपाची भीती घेऊ. ‘एकदा लागला की सुटत नाही’ हे वाक्य ऐकलं नाही असं घर विरळा. आता आपण हिशेब करू, घरखर्चाचा करतो तसाच. आराम देणाऱ्या पंपात, जो बहुधा निळा असतो, सालब्युटामोल नावाचं औषध असतं. एका फवाऱ्यात ते १०० मायक्रोग्रॅम. त्याच औषधाची गोळी येते ४ मिलिग्रॅमची, म्हणजे चाळीस फवाऱ्यांइतकी! गोळी पोटातून साऱ्या अंगात जाणार, हात थरथरणार, धडधडणार आणि गुण यायला अर्धा तास लागणार. फवारा जातो थेट श्वासनळीत, आणि पाचेक मिनिटांत काम करू लागतो. तरी आपण गोळीला ‘साधी’ म्हणतो आणि पंपाला ‘जबर’. याला काय म्हणावं?

मात्र निळा पंप आवळलेल्या नळ्या तेवढ्या सैल करतो, आतली सूज उतरवत नाही. ते काम स्टेरॉइडच्या पंपाचं. तो बरं वाटत असतानाही डॉक्टर सांगतील तसा घ्यायचा आणि घेतल्यावर चूळ भरायची, म्हणजे तोंड येत नाही. नुसत्या निळ्यावर भागवू नये, असं जगभरचे तज्ज्ञ २०१९ पासून सांगत आहेत. काहींना डॉक्टर दोन्ही कामांचा एकच पंप देतात. त्यांनी अर्थात त्याच पद्धतीनं चालावं.

माझ्या ओळखीतली एक सून पंप तांदळाच्या डब्यामागे ठेवत असे. लग्न ठरताना सांगितलं नव्हतं, मग नंतर कोणत्या तोंडानं सांगायचं? एका रात्री तिला जोराचा दम लागला. नवऱ्याला काय होतंय ते कळेना, सासूबाई पाठ चोळत बसल्या, आणि पंप कुठे आहे हे सांगायला हिच्या तोंडून शब्द फुटेना. धाकट्या मुलाला डबा ठाऊक होता म्हणून निभावलं. सासूबाईंना पुढे वाईट वाटलं ते दम्याचं नव्हे, लपवल्याचं. तेव्हा पंप चष्म्यासारखा राजरोस, सर्वांना दिसेल असा ठेवा. दिवस गेले असतील तर ‘बाळाला बाधेल’ म्हणून आपल्या मनानं तो बंद करू नका; आईला हवा पुरली नाही तर ती बाळालाही पुरत नाही.

दम लागला की माणसाला आडवं करू नका. ताठ बसवा, कपडे सैल करा, भोवतीची गर्दी हटवा. पंप हलवून स्पेसरला लावा. एका वेळी एकच फवारा, आणि प्रत्येकामागे चार श्वास. असे चार फवारे द्या. चार मिनिटं थांबा. उतार नसेल तर पुन्हा चार. तरीही नसेल तर १०८ला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. गाडी येईपर्यंत फवारे त्याच क्रमानं चालू ठेवा. झोप लागावी म्हणून गोळी मात्र मुळीच देऊ नका. तिनं श्वास आणखी मंदावतो.

काही वेळा तर चार मिनिटंही थांबायचं नसतं. एक वाक्य एका दमात पुरं होत नाही, ओठ निळसर दिसतात, माणूस पेंगुळतो किंवा असंबद्ध बोलतो, मुलाच्या बरगड्यांखाली श्वासागणिक खड्डा पडतो, तर फवारे देत देतच निघा. एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवा, बरं का. दम तसाच असताना छातीची सूं सूं एकाएकी थांबली तर ‘उतरला वाटतं’ म्हणून सुस्कारा सोडू नका. हवा आत-बाहेर जाणंच इतकं कमी झालं, की आवाजही होत नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. करोनात घेतलेलं बोटाला लावायचं यंत्र घरी असेल, तर ९२च्या खालचा आकडा म्हणजे तडक इस्पितळ. पण आकडा चांगला आहे म्हणून वरच्या खुणांकडे काणाडोळा नको.

इस्पितळात आपण बायका फार भिडस्त होतो. केसपेपरच्या रांगेत निमूट उभ्या राहतो. तसं करू नका. ‘दम्याचा झटका आहे, बोलता येत नाही, आधी ऑक्सिजन लावा,’ असं खणखणीत सांगा. डिपॉझिटचं नंतर पाहता येतं. जीव वाचवण्यासाठी उपचार देणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात दिलेला आहे.

नेब्युलायझरची वाफ घेतली, मोकळं वाटलं, की लगेच रिक्षा बोलावून घरी, ही आपली नेहमीची तऱ्हा. पण त्या वाफेचा गुण चारेक तासांत ओसरतो आणि पहाटे पुन्हा तेच. आतली सूज उतरायला पोटातून किंवा शिरेतून स्टेरॉइड द्यावं लागतं, आणि त्याचा परिणाम दिसायला काही तास जातात. म्हणून ‘स्टेरॉइड दिलंत का? घरी किती दिवस घ्यायचं?’ हे विचारल्याशिवाय उठू नका. मोठ्यांना ते बहुधा पाच ते सात दिवस देतात. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात टाकू नका, आणि आठवड्याच्या आत आपल्या डॉक्टरांना दाखवा.

चालू औषधांची नावं, चालत नसलेली औषधं (काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्यांनीच झटका येतो) आणि डॉक्टरांचा फोन एका चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवा. दुसरी फ्रिजवर चिकटवा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवा, फडक्यानं पुसू नका. घासल्यानं त्यात वीज भरते आणि औषध आतच चिकटून राहतं. पंप संपला का, हे पाण्यात तरंगवून पाहण्याची एक पद्धत आहे, तिच्यावर विसंबू नका. पंपावर आकडे असतील तर उत्तमच. नसतील तर किती फवाऱ्यांचा पंप आहे ते वेष्टनावर पाहा, पुष्कळदा २००चा असतो, आणि घेतलेले फवारे कॅलेंडरवर मांडत जा, दुधाचा रतीब मांडतो तसे.