स्ट्राइकआउट : दोष नजरेचा की थकव्याचा?

‘शेवटपर्यंत चेंडूवर नजर ठेव,’ हा सल्ला बॅट हातात घेणाऱ्या प्रत्येक मुलाला मिळतो. क्रिकेटमध्ये मिळतो, तसाच अमेरिकेतल्या बेसबॉलमध्येही. पण माणसाच्या डोळ्याला तो तंतोतंत पाळता येत नाही.

बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न पडता थेट येतो. पिचर उभा असतो १८.४४ मीटरवर. ताशी दीडशे किलोमीटर वेगाने फेकलेला चेंडू बॅटरपर्यंत पोहोचायला सुमारे ०.४ सेकंद लागतात. त्यातले ०.१५ सेकंद बॅट फिरवण्यातच जातात. उरलेल्या पाव सेकंदात डोळ्याने चेंडू टिपायचा, मेंदूने त्याचा वेग आणि वळण ओळखायचे आणि मारायचा की सोडायचा हे ठरवायचे. टेरी बॅहिल आणि टॉम लॅरिट्झ यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, व्यावसायिक खेळाडूचीही नजर चेंडू सुमारे साडेपाच फुटांवर आल्यावर मागे पडली. म्हणजे शेवटचा टप्पा मेंदू अंदाजानेच पूर्ण करतो.

अंदाज चुकून बॅट हुकली, किंवा ठरावीक चौकटीतून आलेला चेंडू सोडून दिला, की एक ‘स्ट्राइक’ मोजला जातो. असे तीन झाले की बॅटर बाद, हाच स्ट्राइकआउट. बॅट चेंडूला नीट न लागताच माघारी जावे लागते, म्हणून ही नामुष्की समजली जाते. तरीही त्यांचे प्रमाण वाढत गेले. २०१८ च्या मेजर लीग हंगामात ४१,२०७ स्ट्राइकआउट झाले आणि यशस्वी फटके होते ४१,०१८. फटक्यांपेक्षा स्ट्राइकआउट जास्त, असे इतिहासात प्रथमच घडले.

मग संघाचे नुकसान किती? वाटते त्यापेक्षा कमी. संपूर्ण हंगामाचा हिशेब मांडला, तर स्ट्राइकआउट हा इतर प्रकारे बाद होण्यापेक्षा थोडासाच महाग पडतो. तिसऱ्या बेसवर सहकारी उभा असेल, तर उंच झेल देऊनही धाव मिळू शकते. स्ट्राइकआउटने ती संधी जाते. उलट, पहिल्या बेसवर सहकारी असताना जमिनीलगत मारलेला कमकुवत फटका एकदम दोघांना बाद करू शकतो. तिथे स्ट्राइकआउट परवडतो.

खरा प्रश्न असतो तो मोबदल्याचा. रेगी जॅक्सनच्या नावावर तब्बल २,५९७ स्ट्राइकआउट आहेत, पण ५६३ होमरनही आहेत. जोरात बॅट फिरवण्याची ती किंमत होती. जो डिमॅजिओ हा मात्र अपवादच : ३६१ होमरन आणि स्ट्राइकआउट फक्त ३६९. संघांचेही तसेच. २०१५ मध्ये सर्वांत कमी स्ट्राइकआउट झालेला कॅन्सस सिटी रॉयल्स विजेता ठरला. २०२३ मध्ये १,६५४ स्ट्राइकआउटचा विक्रम करूनही मिनेसोटा ट्विन्स आपल्या गटात पहिला आला.

मात्र काही स्ट्राइकआउट असे असतात की त्यांचा मोबदला काहीच मिळत नाही. ते थकव्यातून येतात. मेजर लीगमध्ये सहा महिन्यांत १६२ सामने होतात. रात्रीचे सामने, विमानप्रवास, बदलणाऱ्या वेळा हे सारे सोबतीला. व्हँडरबिल्ट विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ च्या हंगामातील ३० संघांची आकडेवारी तपासली. सरावाने चेंडूची पारख सुधारायला हवी. पण एप्रिलच्या तुलनेत सप्टेंबरमध्ये २४ संघांची पारख बिघडलेली आढळली. सोडून द्यायच्या चेंडूंवर खेळाडू बॅट फिरवू लागले होते. संशोधकांचा रोख साचत गेलेल्या थकव्याकडे होता.

वैद्यकशास्त्राला याचे नवल नाही. झोप अपुरी झाली की प्रतिसाद मंदावतो आणि लक्ष क्षणभर सुटते. एरवी तो क्षण ध्यानातही येत नाही. पण निर्णयाला पाव सेकंदच असेल, तर तेवढ्यात तिसरा स्ट्राइक पडतो.

म्हणून चांगला खेळणारा मुलगा अचानक वारंवार हुकू लागला, तर त्याला रागावण्याआधी किंवा सराव वाढवण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. डोळे तपासून घ्यावेत आणि तो रात्री किती तास झोपतो, हे विचारावे. थकलेल्या मुलाला जास्त सराव देणे म्हणजे दुखणे वाढवणेच.