विश्वातील द्रव्यविभागणी आणि संख्याशास्त्रीय मापांच्या मर्यादा

विश्वातील द्रव्याची विभागणी एकसारखी नाही. दीर्घिकांच्या नकाशांत लांबच लांब तंतू, त्यांची जाळी व मधील प्रचंड पोकळ्या स्पष्ट दिसतात. या विभागणीचे संख्यात्मक वर्णन करण्यासाठी द्विबिंदु-सहसंबंध हे माप प्रामुख्याने वापरले जाते. एका दीर्घिकेपासून ठरावीक अंतरावर दुसरी दीर्घिका सापडण्याची शक्यता, यदृच्छेने विखुरलेल्या बिंदूंच्या मानाने किती अधिक आहे, हे त्यावरून कळते. अंतर वाढते तसे हे आधिक्य साधारणतः त्या अंतराच्या १.८ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते.

या मापाची उणीव एका परिचित उदाहरणाने ध्यानी येईल. नांदेड परिसरात गोदावरीच्या काठाकाठाने वसलेली गावे नकाशावर बिंदूंनी दाखवावीत, नदी पुसून टाकावी आणि गावांच्या जोड्या अंतरानुसार मोजून कोष्टक करावे. आता लातूरच्या पठारासारख्या मोकळ्या जागी बिंदूंची अशी निराळी मांडणी कल्पिता येते की, तिचे कोष्टक पहिल्याशी जवळजवळ जुळेल, पण तीत नदीचा मागमूसही नसेल. कोष्टक सान्निध्य सांगते. आकार सांगत नाही.

विश्वाच्या बाल्यावस्थेपुरती ही उणीव जाणवत नाही. महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी मुक्त झालेल्या प्रारणातील चढउतार गाउसच्या नियमाला इतके अनुसरतात की, द्विबिंदु-मापात जवळजवळ सर्व माहिती सामावते. पुढे गुरुत्वाकर्षणाने द्रव्य तंतूंत गोळा झाले. घनतेच्या चढउतारांतील निरनिराळ्या लहरींच्या कला परस्परांशी निगडित झाल्या; आणि कलांविषयी हे माप काहीच सांगत नाही.

ही त्रुटी भरून काढण्याच्या प्रयत्नांत पुण्याचाही वाटा आहे. तेथील आयुका संस्थेतील वरुण साहनी यांनी बी. एस. सत्यप्रकाश व सर्गेई शांडारिन यांच्यासह १९९८ मध्ये आकारदर्शक मापे मांडली. घनफळ, पृष्ठफळ व वक्रता यांवरून द्रव्यसमूहाची जाडी, रुंदी व लांबी ती ठरवितात. त्यामुळे तंतू व पत्रा यांतील भेद अंकांत उतरतो. २०१७ मध्ये पुण्याच्या संशोधकांनी मीन राशीच्या दिशेला सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवरील ‘सरस्वती’ हा महासमूह जाहीर केला. त्याचा विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे आहे. अशा रचनेचे स्वरूप सरासरीच्या एका वक्रात मावणारे नव्हे.

म्हणून सिद्धांताचा सहसंबंध निरीक्षणाशी जुळला, एवढ्यावरून विश्वाचे चित्रही जुळले, असे मानणे युक्त ठरत नाही.