उसाची लागण व जातीची निवड

विद्यार्थीमित्रांनो, आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं उसाची शेती आहे. शाळेची फी, बहिणीचें लग्न व सोसायटीचें कर्ज हीं सर्व त्याच पिकावर अवलंबून असतात. उसाच्या लागणींत झालेली चूक बारा ते अठरा महिने शेतांत उभी राहते आणि पुढें खोडव्यांतही सोबत येते. म्हणून हा विषय समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम जातीचा विचार करूं. कोइमतूर येथें १९१२ सालीं ऊस-पैदास केंद्र स्थापन झालें. तेथें गोड, जाड उसाचा रानटी उसाशीं संकर करून १९१८ सालीं को २०५ ही जात देण्यांत आली. एकाची गोडी व दुसऱ्याचा काटकपणा तींत एकत्र आला. आपल्याकडे पाडेगांव येथें १९३२ सालीं संशोधन केंद्र निघालें. आज आपल्या भागांत को ८६०३२ ही जात साखरेच्या उताऱ्यासाठीं नांवाजलेली आहे. फुले २६५ ही वजनास भरघोस असून खारवट जमिनींतही तग धरते. परंतु ती उशिरां पक्व होते, म्हणून घाईनें तोडल्यास साखर कमी मिळते. सारांश, जमीन, हंगाम व तोडणीची वेळ पाहूनच जात ठरवावी.

आतां लागणीकडे वळूं. बेणें नऊ ते अकरा महिन्यांचें, निरोगी व खास बेणेमळ्यांतलें असावें. गतवर्षीं माझ्या वर्गांतील एका मुलाच्या वडिलांनीं फुकट मिळालें म्हणून खोडव्याचें बेणें लावलें. उन्हाळ्यांत उसाच्या शेंड्यांतून काळे चाबूक निघाले. मुलानें त्यांतला एक मला दाखवावयास आणला, तेव्हां त्याची काळी भुकटी बाकावर सांडली. तीच काणी रोगाची बीजें होत! असा चाबूक उघडा नेऊं नये. पिशवींत झांकून कापावा, बेट मुळासकट उपटावें व जाळून टाकावें. त्या घरचें निम्मे बेट असें जाळावें लागलें.

सऱ्या चार ते पांच फूट अंतरावर काढाव्या. दाटीच्या लागणींत ऊन व वारा न मिळाल्यानें ऊस बारीक राहतो. एक हिशेब करून पाहा: एकरीं ४०,००० ऊस प्रत्येकीं एक किलो भरले तर ४० टन, तितकेच दीड किलोचे झाले तर ६० टन. भारी जमिनींत कोरडी लागण करावी. ओल्या चिखलांत टिपरें पायाखालीं खोल जाऊन डोळा कुजतो.

नत्र खत उशिरांपर्यंत देत राहिल्यास ऊस वाढतच राहतो आणि साखर सांठवीत नाहीं. वाढ मंदावली म्हणजेच गोडी भरते.

बालकहो, यंदा घरीं लागण होईल तेव्हां वडिलांस आदरपूर्वक एवढेंच विचारा, ‘बाबा, बेणें कोठलें?’ या एका प्रश्नानें दीड वर्षाचे कष्ट वांचतील.